भाडे यंत्राचे की भरवशाचे?

गेल्या काही वर्षांत पुण्यातील मोठ्या रुग्णालयांबाहेरच्या दुकानांवर एक नवी ओळ लिहिलेली दिसू लागली आहे. पूर्वी त्या पाट्यांवर 'पलंग, व्हीलचेअर, वॉकर भाड्याने मिळेल' एवढेच असे. आता त्याखाली 'ऑक्सिजन मशीन, बायपॅप, व्हेंटिलेटर भाड्याने, घरपोच' असेही लिहितात. ज्या यंत्राचे नाव काढताच घरातील बायका रडू लागत, ते यंत्र आता टेम्पोतून घरी येते, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसते आणि कित्येक घरांत महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालते. मागणी वाढत आहे, आणि जिकडे मागणी तिकडे व्यापार, हा बाजाराचा नियमच आहे. आमच्या ओळखीच्या दोन-तीन तरुणांनी मोबाईल दुरुस्तीचे दुकान सोडून या धंद्यात पाय ठेवला आहे. त्यांना आणि ज्यांच्या घरी असे यंत्र येण्याची वेळ आली आहे त्यांना, चार शब्द सांगावेत म्हणून हा लेख.

आमचा धंदा कापडाचा. रविवार पेठेच्या कापडगंजात आमचे आयुष्य गेले. शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकलो आणि वैद्यकशास्त्र तर कोणत्याच भाषेत शिकलो नाही. तरीही लिहितो, कारण हा विषय आमच्या कुटुंबात चौदा महिने राहून गेला आहे. त्या चौदा महिन्यांचा हिशेब आम्ही एका व्यापाऱ्याच्या नजरेने मांडत आहोत. त्यात काही चुकले असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

लवळ्याची हकिगत

मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव आमच्या पिढीने शेताचे गाव म्हणून पाहिले. आता तेथील टेकडीवर सिम्बायोसिसचे विद्यापीठ आणि रुग्णालय उभे आहे. २०२० च्या साथीत त्या रुग्णालयात कोरोनाच्या रुग्णांची सोय करण्यात आली होती. महाविद्यालये आली, त्यांच्यामागे वसतिगृहे आली आणि वसतिगृहांना गाद्या, चादरी, पडदे लागू लागले. आमचे मामेभाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणत असू, हे शिवणकामाचे कारागीर. शहरातील भाड्याची खोली सोडून ते लवळ्याला जाऊन राहिले. कापड आमच्याकडून जाई आणि पडदे शिवून वसतिगृहांत लागत. दोन मशिनी, एक मदतनीस, असा त्यांचा छोटा पण नीट चाललेला कारभार होता.

एके दिवशी त्यांच्या हातातून कात्री सुटली. मग वारंवार सुटू लागली. पुढे सुईत दोरा ओवता येईना. वर्षभर संधिवाताची औषधे झाली, मालिश झाली, शेवटी शहरातील डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचे सांगितले. या आजारात बुद्धी बहुधा शाबूत राहते, मात्र शरीराचे स्नायू एकेक करून साथ सोडतात आणि शेवटी छातीचा पडदा, म्हणजे श्वास ओढणारा स्नायूही थकतो.

रात्री आडवे झाले की धाप, सकाळी उठताच डोकेदुखी, दिवसा बसल्या बसल्या पेंग, अशी लक्षणे सुरू झाली तेव्हा आम्ही सर्वांनी एकच गोष्ट केली. कोरोनाच्या काळात शिकलो होतो तेच केले. ऑक्सिजन मशीन आणले, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा चांगला दिसतो म्हणून निश्चिंत झालो. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा त्यांनी आम्हाला चांगलेच फटकारले. ऑक्सिमीटर ऑक्सिजन दाखवतो, रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. अशा रुग्णाला नुसता ऑक्सिजन दिला तर आकडा सुंदर दिसत राहतो आणि माणूस हळूहळू गुंगीत जातो.

आमच्या कारागीर बंधूंना हे लोहाराच्या भट्टीवरून लगेच कळेल. ऑक्सिजन मशीन म्हणजे चांगला कोळसा आणि व्हेंटिलेटर म्हणजे भाता. कोळसा कितीही उत्तम घाला, भाता ओढणारा हात थकला असेल तर भट्टी विझणारच. भाईजानना भात्याची गरज होती. आधी नाकातोंडावर मुखवटा बसवून चालणारे यंत्र आले, ज्याला सगळे बायपॅप म्हणतात. हे खरे तर एका कंपनीने दिलेले नाव, पण 'डालडा'सारखे ते सर्वांच्या तोंडी बसले. सात-आठ महिन्यांनी मुखवटा पुरेना. तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि त्या नळीवर चोवीस तास चालणारे व्हेंटिलेटर घरी आले. वर सांगितलेले चौदा महिने तेव्हापासूनचे.

मागणी का वाढते आहे

हे यंत्र घरी येणे ही नवलाई वाटते, पण तिच्या मागे मोठा इतिहास आहे. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. छातीभोवती बसवायच्या जुन्या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून रुग्णाच्या फुफ्फुसात हवा भरली. यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून महिनोन्‌महिने त्या पिशव्या दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म त्या पिशव्यांतून झाला असे म्हणतात. तेव्हा जे काम हातांनी केले, तेच काम आज वहीएवढ्या यंत्रातील छोटा पंखा खोलीतील हवा ओढून करतो. त्याला भिंतीतून येणारी दाबाची हवा लागत नाही, म्हणूनच ते घरात चालू शकते.

मागणी वाढण्याची कारणे सरळ आहेत. पहिले असे की, डॉक्टर आता ज्यांना वाचवतात ते पूर्वी वाचत नसत. मानेच्या मणक्याला मार बसलेला तरुण, स्नायू झिजण्याच्या आजाराचा मुलगा, पाठीला मोठा बाक असलेली मुलगी, हे सारे आज श्वासाला आधार मिळाल्यास पुढे जगतात. दुसरे, धुराने आणि धुळीने फुफ्फुसे खराब झालेली माणसे. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आपल्या आया-बहिणी, विडी ओढणारे, आणि आमच्याच व्यवसायात जिनिंग व सूतगिरण्यांतील कापसाची धूळ छातीत घेतलेले कामगार. यांच्यापैकी ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांना रात्री मुखवट्याचे यंत्र देतात. तिसरे, अतिदक्षता विभागातील खर्च. तेथील एकेका दिवसाचे बिल पाहून कुटुंब स्वतःच विचारते की, घरी नेता येईल काय? आणि चौथे, २०२०-२१ च्या साथीने या यंत्रांची भीती मोडली. जे शब्द फक्त डॉक्टर बोलत ते रिक्षावाले बोलू लागले.

म्हणजे गरज खरी आहे. कोणी मुद्दाम निर्माण केलेली नाही. आजाऱ्याला घरी स्वतःच्या माणसांत राहता येते. भाईजान आमच्याशी शेवटपर्यंत डोळ्यांनी बोलत होते, नातवाची पाटी पाहत होते, पडद्याच्या कापडाचा पोत हातात धरून दाखवला की भुवई उंचावून पसंती-नापसंती सांगत होते. हे चौदा महिने नकोत असे त्यांच्या घरातील कोणीही म्हणणार नाही.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे?

ती रात्र

जुलै महिना होता. मुळशीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको. संध्याकाळपासून दोनदा वीज गेली होती, त्यामुळे घरचा इन्व्हर्टर आधीच अर्धा रिकामा झाला होता. रात्री दीडच्या सुमारास पुन्हा वीज गेली. थोड्या वेळाने इन्व्हर्टरही बसला. घाबरण्याचे कारण नव्हते, कारण यंत्र भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने यंत्राच्या आतली बॅटरी चार तास चालते असे छातीवर हात ठेवून सांगितले होते. ती पंचवीस मिनिटांत संपली.

भाभींनी आणि मुलाने रबरी पिशवी, जिला अँबू बॅग म्हणतात, ती गळ्याच्या नळीला जोडली. रुग्णालयाने घरी सोडताना दोघांना ती दाबायला शिकवली होती, ही अल्लाहची मेहरबानी. चार मोजायचे आणि दाबायचे, पुन्हा चार मोजायचे आणि दाबायचे. मुलाच्या बोटांत गोळे आले तेव्हा शेजारचे दूधवाले पाटील उठून आले, मग त्यांचा मुलगा आला. भाभी मोजत, ते दाबत. पाटीलबाईंनी कंदील धरला. मधेच नळीत कफ अडकला, आणि कफ ओढणारे सक्शन यंत्रही विजेवरचेच. जाड सिरिंज लावून जेमतेम वाट मोकळी केली.

त्या रात्री मुलाने दुकानदाराला अनेक फोन केले. आधी घंटी वाजत राहिली, मग फोन बंद झाला. आम्हाला कळले तेव्हा आम्ही कॅम्पातून निघालो, पण चांदणी चौकापलीकडे रस्त्यावर झाड पडलेले. पोहोचलो तेव्हा पहाटेचे सव्वापाच झाले होते आणि वीज नुकतीच आली होती. सकाळी दहाला दुकानातून फोन आला. 'तक्रार कामाच्या वेळेत नोंदवत चला,' असे त्यांनी सांगितले.

त्या दुकानाचे नाव आम्ही लिहीत नाही. नाव लिहून काय होणार? तो माणूस ठग नव्हता. त्याने यंत्र चांगल्या कंपनीचे दिले होते, भाडे ठरल्याप्रमाणे घेत होता, पावती देत होता. पलंग भाड्याने द्यावा तसेच त्याने व्हेंटिलेटर भाड्याने दिले, एवढीच त्याची चूक. पलंग रात्री दीड वाजता मोडला तर माणूस सतरंजीवर झोपतो. श्वास मोडला तर काय करणार?

म्हणूनच आमचे म्हणणे असे आहे की, या धंद्यात यंत्राचे भाडे हे निमित्त आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते भरवशाचे. हे ज्याला समजत नाही त्याने या व्यापारात पडू नये, आणि ज्याला समजते त्याने या व्यापारात जरूर यावे, कारण अशा माणसांची फार गरज आहे.

विजेचा प्रश्न

मुळशीच्या वाचकांना एक गोष्ट सांगण्याची गरज नाही, पण इतरांसाठी सांगतो. याच तालुक्यात टाटांचे धरण आहे. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली येथील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालेच. त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन वीज बनवली गेली आणि ती वीज मुंबईला गेली. घाटमाथ्याच्या पाण्यावरील टाटांच्या विजेने मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. आम्ही कापडवाले त्या विजेचे ऋणी आहोत. पण ज्या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी विजेसाठी गावे दिली, त्या तालुक्यात पावसाच्या रात्री एका कारागिराचा श्वास विजेअभावी हाताने चालवावा लागतो, हे पाहून मन खिन्न होते.

इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरी श्वासाचे यंत्र आहे अशा ग्राहकांची वेगळी नोंदवही वीज कंपन्या ठेवतात. ऑस्ट्रेलियात अशा घरांना दुरुस्तीसाठी वीज बंद करण्याआधी लेखी सूचना द्यावी लागते. आमची मागणी मोठी नाही. महावितरणच्या प्रत्येक उपविभागाने अशा घरांची यादी ठेवावी, नियोजित बंदची सूचना फोनवर द्यावी आणि बिघाड झाल्यास त्या वाहिनीकडे आधी पाहावे. व्यापारी संघटना दरवर्षी वीजदराबद्दल निवेदने देतात. त्याच निवेदनात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

तोवर स्वतःची तयारी स्वतः करावी. व्हेंटिलेटर फारशी वीज खात नाही. ऑक्सिजन मशीन आणि हवा गरम-ओली करणारे भांडे जास्त खातात. म्हणून इन्व्हर्टर घेताना तिन्हींची बेरीज करावी, आणि घरातील पंखे-टीव्ही त्या इन्व्हर्टरवर ठेवू नयेत. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. आणि सक्शनचे एक यंत्र पायाने चालणारे मिळते, ते घरात असलेच पाहिजे. त्या रात्रीनंतर आम्ही ते आणले. ज्या घरात आयुष्यभर पायमशीन चालली त्या घरात ही साधी गोष्ट आम्हाला आधी सुचली नाही, याची आजही रुखरुख वाटते.

जे या धंद्यात आहेत त्यांना

आमच्या तरुण व्यापारी बंधूंना वडीलकीच्या नात्याने काही सूचना कराव्याशा वाटतात.

एक. यंत्र देताना गिऱ्हाइकासमोर प्लग काढा आणि घड्याळ लावा. बॅटरी जितका वेळ चालेल तितकाच कागदावर लिहून द्या. कंपनीच्या पुस्तकातला आकडा नव्या बॅटरीचा असतो. आपल्याकडची बॅटरी चार घरे फिरून आलेली असते. आमच्या धंद्यात थानावर लिहिलेले मीटर आणि गजाने मोजलेले मीटर यांत फरक निघाला तर व्यापाऱ्याची अब्रू जाते. येथे तर जीव जाईल.

दोन. रुग्ण दिवसाचा बहुतेक वेळ यंत्रावर असेल तर त्याच्या घरी दुसरे यंत्र असावे, अशी शिस्त प्रगत देशांत पाळतात. ते परवडत नसेल तर निदान तासाभरात पोहोचेल इतक्या अंतरावर राखीव यंत्र ठेवा. लवळे, पिरंगुट, पौड या पट्ट्यातील गिऱ्हाईक घ्यायचे असेल तर राखीव यंत्र त्याच पट्ट्यात हवे. चांदणी चौकाच्या अलीकडे ठेवलेले यंत्र पावसाळ्यात नसल्यासारखेच.

तीन. रात्रीचा फोन उचलणारा माणूस पगारावर ठेवा, आणि तो खर्च भाड्यात उघडपणे धरा. स्वस्त भाडे आणि बंद फोन यापेक्षा वाजवी भाडे आणि चालू फोन गिऱ्हाइकाला हवा असतो.

चार. यंत्राचे दाब आणि आकडे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय बदलू नका. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो.

पाच. परत आलेल्या यंत्राची नळी, मुखवटा, फिल्टर पुढच्या गिऱ्हाइकाला जसेच्या तसे कधीही देऊ नका. फिल्टर हे शेवटी कापडच आहे. ते किती धूळ पिते ते आम्हा कापडवाल्यांना विचारा. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र वही ठेवा, तिच्यावर अनुक्रमांक लिहा. जून २०२१ मध्ये फिलिप्ससारख्या जगप्रसिद्ध कंपनीने आपली लाखो बायपॅप, सीपॅप आणि काही व्हेंटिलेटर यंत्रे परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलिएस्टरच्या जातीचा फोम कालांतराने झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. जुन्या बाजारातून यंत्र घेणाऱ्याने अनुक्रमांक न पाहता सौदा केला, तर तो रोग विकत घेऊन रोग भाड्याने देईल.

सहा, आणि ही सर्वांत महत्त्वाची. भाडे थकले म्हणून यंत्र उचलून आणू नका. ज्या घरात श्वास विकत घ्यावा लागतो त्या घरात भाडे एक ना एक दिवस थकणारच. आधीच लेखी ठरवा की, भाडे थकल्यास किती दिवसांची सूचना, कोणाला कळवायचे, रुग्णाला कोणत्या रुग्णालयात हलवायचे. सूचना आणि पर्याय दिल्याशिवाय यंत्र हलवणे हा व्यापार नव्हे.

या सगळ्याने भाडे वाढेल, गरीब माणूस कोठे जाईल, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय उपकरणांवरील जीएसटी ५ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा हातभार लागेल. सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, घरातील भाड्यासाठी नाही. विम्याच्या पॉलिसीत घरच्या यंत्राचे भाडे बसते की नाही, ते यंत्र आणण्याआधी लेखी विचारून घ्यावे. स्नायू झिजण्याचा आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात समाविष्ट आहे. अशा मुलांच्या पालकांनी दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढण्यात आळस करू नये.

आमच्या हिशेबात मात्र सर्वांत मोठा आकडा यंत्राच्या भाड्याचा नव्हता. तो दिवस-रात्र बसणाऱ्या दोन माणसांच्या पगाराचा होता. आणि वहीत ज्याचा आकडाच नाही असा खर्च म्हणजे भाभींची झोप. आपल्या मोहल्ल्यांत दहावी-बारावी झालेल्या कितीतरी मुली-मुले काम शोधत आहेत. त्यांना रुग्णालयातून रीतसर शिक्षण देऊन तीमारदारीच्या कामाला लावले तर रोजगारही होईल आणि घराघरांतल्या बायकांना चार तास डोळा लागेल.

जमातींनी काय करावे

आपल्या जमातींकडे रुग्णवाहिका आहेत, जनाजा नेणाऱ्या गाड्या आहेत, लग्नाची भांडी आहेत. मग आजाऱ्याच्या सामानाचे भांडार का नसावे?

हे अशक्य नाही, याचा दाखला यंत्रमागांच्या गावातच आहे. २०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी ३६ लाख रुपये जमा करून तेथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारण्यास मदत केली. माग बंद, मजुरी बंद, अशा काळात त्या गावाने हे केले, आणि ते सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी केले.

पण केवळ यंत्रे विकत घेऊन फोटो काढून भागणार नाही. २०२१ मध्ये औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला पीएम केअर्समधून मिळालेल्या व्हेंटिलेटरांपैकी अनेक नीट चालत नसल्याचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेले होते. यंत्र देणे सोपे आहे, चालू ठेवणे कठीण. म्हणून जमातींनी एकदम व्हेंटिलेटरच्या मागे लागू नये. सुरुवात बॅटऱ्या, इन्व्हर्टर, पायाचे सक्शन, अँबू बॅग यांपासून करावी. गरिबाला वाजवी भाडे परवडत नसेल तर फरकाची रक्कम जमातीने थेट दुकानदाराला द्यावी आणि त्याच्याकडून वर लिहिलेल्या सहा गोष्टी लेखी घ्याव्यात. आणि पिशवी दाबण्याचे शिक्षण एखाद्या रविवारी डॉक्टरांना बोलावून मोहल्ल्यातील वीस तरुणांना द्यावे. त्यात शेजारच्या वस्तीतील तरुणांनाही बोलवावे. पाटलांच्या मुलाला त्या रात्री कोणी शिकवले नव्हते. भाभींनी मोजले म्हणून त्याला जमले.

यंत्र आणण्यापूर्वीचा प्रश्न

शेवटी एक नाजूक बाब. प्रत्येकाने हे यंत्र घरी आणलेच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. ज्या आजारात सुधारणा नाही तेथे नळी बसवण्याआधी रुग्णाला स्वतःला विचारले पाहिजे, आणि तो बोलू शकतो तोवर विचारले पाहिजे. आपल्या घरांत रुग्णाला सोडून बाकी सगळ्यांशी मसलत होते. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा बाबतीत माणसाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. यात धर्माचा प्रश्न ज्यांना वाटतो त्यांनी आलिमांनाही विचारावे, डॉक्टरांनाही विचारावे, पण वेळेत विचारावे. एकदा नळी बसली की मग घाईघाईने विचारण्यात अर्थ नसतो.

भाईजानना डॉक्टरांनी विचारले होते. तेव्हा त्यांचे शब्द अडखळत होते, पण समजत होते. त्यांनी यंत्राची किंमत विचारली नाही, किती महिने मिळतील तेही विचारले नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले की, 'रात्री कोण जागणार?' मुलाने आणि भाभींनी हात वर केला. आम्हीही केला. मग त्यांनी होकार दिला.

चौदाव्या महिन्यात न्यूमोनियाने ते गेले. त्यांचा श्वास त्या पावसाळ्यातल्या रात्रीमुळे गेला नाही, हे समाधान आहे. यंत्र परत करायला आम्ही स्वतः गेलो. दुकानदाराने ते उलटसुलट करून पाहिले आणि एका ओरखड्याबद्दल अनामत रकमेतून पैसे कापले. आम्ही काही बोललो नाही. मात्र त्याच्या छापील तक्त्यावर नजर टाकली. त्यात ओरखड्याचा रकाना होता, चाकांचा होता, वायरीचा होता. बॅटरी किती वेळ चालली, याचा रकाना नव्हता.

आमच्या तरुण बंधूंनी आपल्या दुकानासाठी तक्ता छापून घ्यावा तेव्हा तो रकाना सर्वांत वर ठेवावा, आणि त्याच्या खाली रात्री जागणाऱ्या माणसाचा फोन नंबर लिहावा. भाईजाननी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे आहे, त्यानेच हे भाडे घ्यावे.